शाळा मुलांना माणसांत राहायला शिकवते म्हणजे नेमकं काय करते?

प्रश्न एका पालकांचा आहे. मुलगी सातवीत, अभ्यासात चांगली, पण शाळेत जायचा कंटाळा करते. सगळे विषय घरी बसून, पडद्यावर शिकता येतात हे आता दिसतंच आहे. नातेवाईक मात्र म्हणतात, "शाळेत गेली नाही तर चार माणसांत वागायचं कसं कळणार?" तर हे वागायला शिकणं शाळेत खरंच होतं का, आणि होत असेल तर कुठे आणि कसं, असं त्यांनी विचारलंय. मी आधी प्राथमिक, मग माध्यमिक वर्गांना शिकवलं आणि पुढे शाळेतच समुपदेशक म्हणून काम केलं. विषय जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे उत्तर जरा ऐसपैस होणार.

नुसतं चारचौघांत मिसळता यावं, गप्पा मारता याव्यात, एवढंच हवं असेल तर त्यासाठी शाळा लागत नाही. भावंडं, शेजारची मुलं, मैदान, एखादा छंदवर्ग यांवर ते भागतं. उलट शाळेत वर्षानुवर्षं जाऊनही अनोळखी माणसाशी दोन वाक्यं बोलता न येणारी मुलं मी भरपूर पाहिली आहेत. शाळा जे देते ते थोडं वेगळं आहे आणि ते बऱ्याचदा कोणाच्या लक्षातही येत नाही.

पहिलीच्या वर्गावर काम केलेल्या कुठल्याही शिक्षकाला विचारा. सुरुवातीच्या आठवड्यात "सगळ्यांनी वह्या काढा" म्हटलं की बराचसा वर्ग वह्या काढतो आणि दोन-तीन मुलं तुमच्याकडे निवांत बघत बसलेली असतात. त्यांना ऐकू आलेलं असतं, समजलेलंही असतं. पण घरी त्यांच्याशी कोणी "सगळ्यांनी" म्हणून बोललेलंच नसतं. घरी नावाने हाक मारतात, जवळ येऊन सांगतात, नाही ऐकलं तर पुन्हा सांगतात. म्हणून वर्गातही जवळ जाऊन "तूसुद्धा" म्हणावं लागतं. काही आठवड्यांनी ते लागेनासं होतं. नाव न घेता दिलेली सूचना आपल्यालाही लागू आहे, हे त्या मुलाला उमगलेलं असतं. पुढे आयुष्यभर रांगेत, रस्त्यावर, कामाच्या ठिकाणी त्याला याच समजुतीवर वागायचं असतं, आणि ती घरात येणं अवघड आहे. घर वाईट म्हणून नव्हे. घरात तो लाडका असतो, एकमेव असतो, आणि असायलाच हवा.

समाजशास्त्रज्ञांनी हे फार पूर्वी हेरलं होतं. एमिल दुर्खीम यांनी १९०२-०३ मध्ये पॅरिसमध्ये शिक्षकांना दिलेल्या व्याख्यानांत शाळेची जागा नेमकी सांगितली होती: कुटुंबातली नाती मायेवर चालतात, बाहेरचं जग नियमांवर चालतं, आणि या दोहोंच्या मधला टप्पा म्हणजे वर्ग. टॅल्कट पार्सन्स यांनी १९५९ मध्ये हाच धागा पुढे नेला. घरी मूल कोणाचं तरी असतं म्हणून त्याला स्थान मिळतं. वर्गात त्याने काय केलं त्यावरून मिळतं. रॉबर्ट ड्रीबन यांनी १९६८ मध्ये आणखी बारकावा दाखवला. शाळेत दर वर्षी बाई बदलतात. बाईंवर जीव जडतो, वर्ष संपतं, नव्या बाई येतात, त्यांच्या सवयी वेगळ्या, तरी "बाई" ही जागा तीच राहते. माणूस वेगळा आणि त्याचं पद वेगळं, हे मूल असं कोणी न शिकवता शिकतं. पालकांना मात्र दरवर्षी वाटतं की आधीच्याच बाई राहिल्या असत्या तर बरं झालं असतं!

आता जरा नावडती बाजू. शाळेत मूल्यशिक्षणाचा तास असतो, भिंतींवर सुविचार असतात, प्रार्थना असते. माझ्या अनुभवात मुलांच्या वागण्यावर याचा परिणाम फार थोडा होतो. फिलिप जॅक्सन या अमेरिकी अभ्यासकाने वर्गांत बसून, नुसतं बघून १९६८ मध्ये एक गोष्ट मांडली. मुलं वर्गात तीन गोष्टींशी जुळवून घ्यायला शिकतात: गर्दी, सतत होणारं मूल्यमापन आणि कोणाच्या तरी हातात असलेली सत्ता. याला त्यांनी छुपा अभ्यासक्रम म्हटलं. त्यातलं गर्दीचं प्रकरण मला सगळ्यात मोलाचं वाटतं. तीस-चाळीस मुलांत आपली पाळी येईपर्यंत थांबणं, हात वर करून ठेवूनही विचारलं न जाणं, मन लागलेलं असताना घंटा होऊन वही बंद करावी लागणं. मोठेपणी बैठकीत दुसऱ्याचं बोलणं पुरं होऊ देणाऱ्या माणसाने त्याचा सराव कुठल्या तरी वर्गात केलेला असतो.

पण छुपा अभ्यासक्रम चांगलाच असतो असं मुळीच नाही. मॉनिटरचं उदाहरण घ्या. शिक्षक वर्गाबाहेर जातात, मॉनिटर फळ्याच्या कोपऱ्यात बोलणाऱ्यांची नावं लिहितो. पहिलं नाव कोणाचं लिहितो? ज्याच्याशी कालच वाजलं त्याचं. जिवलग मित्र बोलला तर खडू हातात घेऊन नुसता दम देतो. दोन-तीनदा बोलणाऱ्याच्या नावापुढे फुल्या वाढत जातात, मग सौदा सुरू होतो: "नाव पूस, मी तुला माझा खोडरबर देतो." शिक्षक परत येतात, फळा वाचतात आणि शिक्षा करतात, खरं-खोटं विचारत नाहीत. आता या दहा मिनिटांत वर्ग काय काय शिकला ते मोजा. सत्ता मिळाली की आपल्या माणसांना सांभाळायचं. वरच्याला कागदावरचं पुरतं. तक्रार करण्यापेक्षा लिहिणाऱ्याला खूश ठेवणं स्वस्त पडतं. त्याच वर्गात पुढच्या तासाला प्रामाणिकपणावर धडा असतो.

मॉनिटर नसावा असं माझं म्हणणं नाही. कामं खरी द्यावीत: साहित्य वाटणं, पंखे-दिवे बंद करणं, गैरहजर मुलाला अभ्यास कळवणं. ती आळीपाळीने सगळ्यांकडे जावीत, खोडकर मुलांकडेही, लाजाळू मुलांकडेही. माझ्या वर्गात मॉनिटरकडे बाकी सगळं असे, फक्त नावं लिहायचं काम नसे. पहिले काही दिवस मी बाहेर गेले की गोंगाट व्हायचा. शेजारच्या वर्गाचे शिक्षक तक्रार करायचे, ती ऐकून घ्यायची. हळूहळू आवाज खाली यायचा. पूर्ण शांतता मात्र कधीच होत नसे, आणि झाली असती तर मलाच काळजी वाटली असती.

शिक्षकाची नजर हाही असाच न सांगता शिकवला जाणारा विषय. मेरी बड रो या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांनी १९७० च्या दशकात वर्गांतल्या संवादाच्या ध्वनिफिती तपासल्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि उत्तर आलं नाही की स्वतःच बोलतात किंवा दुसऱ्याला विचारतात, असं त्यांना आढळलं. ज्यांना ते कच्चे समजतात त्यांना तर आणखी कमी वेळ देतात. हा वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवला तेव्हा उत्तरं लांब आली, एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागली आणि मुलं एकमेकांच्या बोलण्याला उत्तर देऊ लागली. हे शेवटचं माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. वर्गात संवाद बहुधा शिक्षक ते मूल आणि मूल ते शिक्षक असाच चालतो. मूल ते मूल असा, सर्वांसमक्ष, मतभेद असतानाही आवाज न चढवता चाललेला संवाद मुलांना दुसरीकडे ऐकायला तरी कुठे मिळतो? करून बघा, मनात तीन मोजा. ते तीन सेकंद फार जड जातात.

सातवी-आठवीपासून मात्र शिक्षकाची पकड सुटते आणि सोबत्यांची बसते. हे मुलांचं बिघडणं नसून वयाचा भाग आहे. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांचा २००५ मधला एक प्रयोग आहे. किशोरवयीन मुलांना आणि मोठ्यांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला, काहींना एकट्याने आणि काहींना सोबती बघत असताना. सोबती बघत असले की किशोरवयीन मुलं कितीतरी जास्त धोका पत्करत होती. प्रौढांमध्ये असा फरक जवळपास दिसला नाही. म्हणजे एकटी असताना समजूतदार असणारी तुमची मुलगी गटात असताना वेगळी वागते, ते ढोंग नव्हे. या वयात मुलं शिकत असतात ते गटात राहून स्वतःचं मत कसं सांभाळायचं हे, आणि ते गटात राहूनच शिकावं लागतं.

याच वयात छळही सुरू होतो, किंवा आधीचा उघड होतो. नॉर्वेत १९८२ च्या अखेरीस तीन मुलांनी आत्महत्या केल्या आणि सोबत्यांकडून होणारा छळ हे त्यामागचं कारण मानलं गेलं. त्यानंतर १९८३ मध्ये तिथे देशभर मोहीम झाली आणि मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांचा छळप्रतिबंधाचा कार्यक्रम त्यातून उभा राहिला. छळ कशाला म्हणायचं याची त्यांनी केलेली व्याख्या मी आजही वापरते: मुद्दाम केलेला, पुन्हा पुन्हा होणारा, आणि दोन्ही बाजूंची ताकद समान नसलेला. दोन तुल्यबळ मुलांचं भांडण म्हणजे छळ नव्हे. ही तिसरी अट विसरली की शिक्षक पीडित आणि पीडक दोघांना समोरासमोर उभं करून "हात मिळवा" म्हणतात. भांडणात हे चालून जातं. छळात मात्र पीडिताला सर्वांसमक्ष कळतं की आपल्या बाजूने कोणी नाही.

आणि खरा प्रेक्षक असतो वर्ग. टोरांटोच्या शाळांत मुलांच्या खेळाच्या वेळी केलेल्या चित्रीकरणांवरून लिन हॉकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडलं की बघणाऱ्या मुलांपैकी कोणी मधे पडलं, तर निम्म्याहून जास्त वेळा छळ दहा सेकंदांत थांबतो. मधे पडणारे मात्र थोडे असतात. त्यामुळे मी छळ करणाऱ्याशी बोलण्याआधी बघणाऱ्यांशी बोलते, एकेकट्याने. "तू वीर बन" असं सांगत नाही, कारण ते कोणी ऐकत नाही. छोटी कृती सांगते: तिथून त्याला "चल, बाईंनी बोलावलंय" म्हणून घेऊन जा. खोटं असलं तरी चालेल, मी सांभाळून घेईन.

वेगवेगळ्या घरांतली मुलं एका छपराखाली येतात म्हणून आपोआप एकमेकांना समजून घेतात, हा एक गोड गैरसमज आहे. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच यासाठी अटी घातल्या होत्या: दोन्ही गटांचा दर्जा त्या जागी समान हवा, काम एकच हवं, ते एकमेकांच्या मदतीशिवाय होऊ नये, आणि संस्थेचा त्याला उघड पाठिंबा हवा. अमेरिकेत ऑस्टिनच्या शाळांत गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं प्रथमच एकत्र बसवली गेली तेव्हा मारामाऱ्या झाल्या. १९७१ मध्ये एलियट ॲरनसन हे मानसशास्त्रज्ञ तिथल्या वर्गांत जाऊन बसले. त्यांना दिसलं की वर्गाची घडणच स्पर्धेची आहे: एकाचं उत्तर चुकलं की दहा हात आनंदाने वर जातात. मग त्यांनी धड्याचे तुकडे केले. सहा मुलांच्या गटात प्रत्येकाला एकच तुकडा. प्रत्येकाने आपला भाग इतरांना समजावून सांगायचा, आणि चाचणी सगळ्या धड्यावर. आता अडखळत बोलणाऱ्या मुलाची थट्टा केली तर नुकसान थट्टा करणाऱ्याचंच. थोड्या दिवसांत मुलं त्याला नीट प्रश्न विचारू लागली, कारण त्याच्याकडचं त्यांना हवं होतं.

ही पद्धत मी पुष्कळ वापरली आहे. ती फसते कुठे तेही सांगते. तुकडा पाठ्यपुस्तकात आयता सापडत असेल तर गट त्या मुलाला बाजूला ठेवून पुस्तक उघडतो. म्हणून मजकूर पुस्तकाबाहेरचा हवा. कच्च्या वाचकाला तुकडा आदल्या दिवशी द्यावा आणि तोच तुकडा मिळालेल्या दुसऱ्या गटांतल्या मुलांबरोबर त्याला आधी बसवावं, म्हणजे तो गटात जाताना तयार असतो. आणि हुशार मुलं पहिल्या दिवशी वैतागतात, त्यांचे पालक दुसऱ्या दिवशी. याउलट "आपापले गट करा" असं सांगून दिलेलं गटकार्य म्हणजे बहुतेकदा एक मुलगी लिहिते, दोघं गप्पा मारतात आणि एकजण खिडकीबाहेर बघतो. शिवाय शेवटी कोणत्याच गटात नसलेलं एक मूल वर्गाच्या मधोमध उभं राहतं आणि शिक्षक "अरे, याला घ्या ना कोणीतरी" म्हणतात. गट शिक्षकांनीच करावेत. मुलांना मित्र निवडायला मधली सुट्टी आहे.

शाळा समाजाची उतरंड जशीच्या तशी पुढे चालवते, हा आक्षेपही खरा आहे. पिएर बोर्द्यू आणि झाँ-क्लोद पासेरों या फ्रेंच समाजशास्त्रज्ञांनी १९७० मध्ये दाखवलं की ज्या घरांची भाषा आणि वळण शाळेच्या भाषेशी जुळतं, त्यांची मुलं तिथे सहज वावरतात आणि त्या सहजतेलाच शाळा गुणवत्ता समजते. पॉल विलिस यांनी इंग्लंडमधल्या कामगार घरांतल्या बारा मुलांबरोबर राहून १९७७ मध्ये लिहिलं ते जास्त अस्वस्थ करणारं आहे. ही मुलं शाळेला बेधडक नकार देत होती, शिक्षकांची टर उडवत होती, आणि त्या बंडातूनच थेट आपल्या वडिलांच्या कारखान्यांतल्या कामांकडे जात होती. हुशारांची तुकडी वेगळी काढणाऱ्या शाळांनी यावर जरूर विचार करावा. "ढ" तुकडीत टाकलेली मुलं गणिताआधी आपली जागा शिकतात.

मग इतकं सगळं असताना शाळेशिवाय न मिळणारं काय उरतं? माझं उत्तर असं: न निवडलेल्या माणसांबरोबर दीर्घकाळ राहण्याचा सराव. एका बाकावरच्या दोन मुलांचं बिनसलं की मधोमध खडूची रेघ येते. कोपर पलीकडे गेलं की ढकलाढकली. दोघंही येऊन सांगतात, "बाई, माझी जागा बदला." जागा बदलणं सगळ्यात सोपं असतं. मी सहसा बदलत नाही. दोघांनाही फक्त इतकंच विचारते की रेघ कुठे असावी ते तुम्हीच ठरवा. रेघ ठरवायला त्यांना बोलावं लागतं. बहुतेक रेघा आठवडाभरही टिकत नाहीत. पट्टी एकाकडे असते आणि कंपास दुसऱ्याकडे. जी रेघ टिकते तिच्यामागे काही वेगळं असू शकतं, भीती किंवा घरून आलेला पूर्वग्रह, आणि तिथे मात्र लक्ष घालावं लागतं.

पडद्यावर भांडण झालं तर समोरच्याला ब्लॉक करता येतं. छंदवर्गात जमलं नाही तर वर्ग सोडता येतो. शाळेत उद्या सकाळी त्याच बाकावर बसायचं असतं, म्हणून रुसवा काढायचा कसा, माफी न मागताही माफी कशी मागायची, न आवडणाऱ्याबरोबर काम कसं पुरं करायचं, हे सगळं जमवावं लागतं. २०२० मध्ये साथीमुळे जगभरात १९० हून जास्त देशांत शाळा बंद झाल्या आणि सुमारे १६० कोटी विद्यार्थ्यांचं शिक्षण विस्कळीत झालं. मुलं परत आली तेव्हा अभ्यास मागे पडलेला होताच. पण वर्गावर आम्हाला आधी जाणवलं ते वेगळं: क्षुल्लक धक्क्यावरून मारामारी आणि रुसवा निघायला लागणारे कित्येक दिवस.

आता मूळ प्रश्नाकडे. घरी शिकवणं अशक्य नाही, आणि घरी शिकलेली मुलं एकलकोंडी होतात असंही मी म्हणणार नाही. पण मग पालकांना चार गोष्टी जाणूनबुजून जमवाव्या लागतील. मुलीने न निवडलेली, निरनिराळ्या घरांतली समवयस्क मुलं. आईवडील सोडून दुसऱ्या कोणी केलेले आणि सगळ्यांना सारखे लागू असलेले नियम. तिच्यावाचून अडेल असं एखादं सामूहिक काम, मग ते नाटक असो, संघाचा खेळ असो की वाद्यवृंद. आणि हे सगळं निदान वर्षभर तरी त्याच मुलांबरोबर. यातली शेवटची अट पालकांकडून सगळ्यात जास्त वेळा सुटते, कारण मुलगी नाराज झाली की वर्ग बदलण्याचा मोह होतो.

त्याआधी मात्र कंटाळ्याचं कारण शोधा. "शाळा आवडते का?" असं विचारू नका, "हो" किंवा "नाही" एवढंच उत्तर येईल. मधल्या सुट्टीत कोणाबरोबर असतेस, गट करायला सांगितले की काय होतं, असं विचारा, तेही शेजारी बसून काहीतरी काम करताना. वर्गशिक्षकांना गुणांऐवजी विचारा की ती वर्गात कोणाशी बोलते. शिक्षकांना लगेच नाव सांगता आलं नाही तर त्यांना आठवडाभर बघून सांगायला सांगा. चांगल्या शिक्षकाला याचा राग येत नाही. अभ्यास फार सोपा वाटत असेल तर त्यावर शाळेतच उपाय आहेत. मैत्रिणीशी बिनसलं असेल तर थोडं थांबा आणि मधे पडू नका. पण ती मधल्या सुट्टीत एकटी असेल, रविवारी संध्याकाळी पोटात दुखत असेल, वस्तू हरवल्याचं वारंवार सांगत असेल, तर तो कंटाळा नाही. शाळेला लेखी कळवा, काय करणार आणि कधीपर्यंत ते विचारा. ठरलेल्या मुदतीत काही हाललं नाही तर शाळा बदला, आणि नवी शाळा बघायला जाल तेव्हा सभागृह आणि प्रयोगशाळा बघून झाल्यावर मधल्या सुट्टीत वीस मिनिटं मैदानाच्या कडेला उभं राहू द्या असं म्हणा. एकटी मुलं किती आहेत आणि त्यांच्याकडे कोणा मोठ्या माणसाचं लक्ष आहे का, ते तिथे दिसेल.